सट्टा, आजीवन बंदी आणि हॉल ऑफ फेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वाद नेमका कोणाबद्दल आहे?

बहुतेक वेळा दोन नावांबद्दल: पीट रोज आणि ‘शूलेस’ जो जॅक्सन. दोघेही अमेरिकी बेसबॉलमधले. रोजच्या नावावर ४,२५६ हिट आहेत (हिट म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप तळावर पोहोचणं) आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, एवढे हिट आजवर दुसऱ्या कोणालाही मारता आलेले नाहीत. जॅक्सनची कारकिर्दीची बॅटिंग सरासरी .३५६, म्हणजे हजार संधींत ३५६ वेळा हिट. हा आकडा गाठणारे खेळाडू बोटांवर मोजता येतील. तरीही कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-दालनात, दोघांच्याही नावाची पाटी नाही. जॅक्सनवर १९२१ मध्ये बंदी आली, रोजवर १९८९ मध्ये. कारण दोन्ही वेळा सट्टा.

पण दोघे एकाच माळेचे मणी नाहीत. एकावर हरण्यासाठी पैसे घेतल्याचा ठपका होता, दुसऱ्यानं आपल्याच संघाच्या जिंकण्यावर पैसे लावले. हा फरक डोळ्यांआड केला की चर्चा भलतीकडेच जाते, म्हणून खाली दोघांबद्दल वेगवेगळं लिहिलं आहे.

बंदी हॉल ऑफ फेमनं घातली का?

नाही. बंदी घालतो तो कमिशनर, म्हणजे लीगचा सर्वोच्च अधिकारी. हॉल ऑफ फेम हे न्यूयॉर्क राज्यातलं एक स्वतंत्र, खासगी संग्रहालय आहे. तिथली पहिली निवड १९३६ मध्ये झाली आणि इमारत १९३९ मध्ये उघडली. खेळाडूंची निवड बेसबॉल लेखकांच्या संघटनेतले जुने सदस्य मतदानानं करतात आणि ७५ टक्के मतं लागतात. मत देताना कामगिरीबरोबरच सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य पाहावं, असं नियमातच लिहिलं आहे.

बंदी असलेल्याचं नाव मतपत्रिकेवर येणारच नाही, असा लेखी नियम मात्र सुरुवातीपासून नव्हता. तो संचालक मंडळानं फेब्रुवारी १९९१ मध्ये केला, म्हणजे रोजचं नाव मतपत्रिकेवर येण्याची वेळ झाली त्याच्या थोडं आधी. १९९२ च्या मतदानात ४१ जणांनी त्याचं नाव हातानं लिहिलं. ती मतं बाद धरली गेली.

माझ्या मते चुकलं ते इथे. मतदारांसमोर सचोटीचा निकष आधीच होता. त्यांना विचारलं असतं तर रोज कदाचित निवडून आला असता, कदाचित पडला असता. दार आतून लावून घेतल्यामुळे प्रश्न सुटला नाहीच, तो पस्तीस वर्षं चिघळत राहिला.

पीट रोजनं नक्की काय केलं होतं?

तो सिनसिनाटी रेड्सचा मॅनेजर होता. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे कार्यालयात बसून कारभार पाहणारा माणूस नव्हे. कोण खेळणार, कोण कधी पिच करणार (फलंदाजाला चेंडू टाकणार), कोणाला कधी बाहेर काढायचं हे सगळं तोच ठरवतो, थेट सामना चालू असताना. लीगनं नेमलेले वकील जॉन डाउड यांनी १९८९ मध्ये २२५ पानांचा अहवाल दिला. १९८७ च्या हंगामात रोजनं रेड्सच्या ५२ सामन्यांवर पैसे लावल्याचं त्यात मांडलं होतं. पुराव्यांत सट्ट्याच्या हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या, आणि त्यावरचं अक्षर रोजचंच असल्याचं हस्ताक्षरतज्ज्ञानं सांगितलं.

२४ ऑगस्ट १९८९ ला कमिशनर बार्ट जियामाटी यांनी कायमची अपात्रता जाहीर केली. रोजनं करारावर सही केली, पण त्यानं बेसबॉलवर पैसे लावल्याचा औपचारिक निष्कर्ष करारात लिहिलेला नव्हता. आठच दिवसांनी, १ सप्टेंबरला, जियामाटी हृदयविकाराच्या झटक्यानं वारले. पुढच्या वर्षी रोजला करचुकवेगिरीसाठी पाच महिन्यांचा तुरुंगवास झाला. सट्ट्याची कबुली मात्र त्यानं २००४ मध्ये दिली. तोवर जवळजवळ पंधरा वर्षं तो उघडपणे नाही म्हणत राहिला, आणि अहवाल लिहिणाऱ्या माणसालाच खोटं पाडत राहिला.

तो आपल्या संघाच्या जिंकण्यावरच पैसे लावायचा. मग त्यात नुकसान कोणाचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि प्रामाणिकपणे येतो, म्हणून जरा सविस्तर.

बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा. जवळजवळ दररोज सामना. अशा वेळी मॅनेजरचं खरं कौशल्य दिसतं ते राखून खेळण्यात. शेवटच्या डावांसाठी ठेवलेला उत्तम पिचर काल आणि परवा टाकून थकला असेल, तर आजचा सामना हातचा जाऊ द्यावा लागतो, पण त्याचा खांदा वाचवावा लागतो. आता समजा आजच्या सामन्यावर मॅनेजरचे हजारो डॉलर लागले आहेत आणि संघ एका धावेनं पुढे आहे. तो त्या पिचरला बसवून ठेवेल? की उद्याचं उद्या बघू म्हणून त्याच्या हातात चेंडू देईल? उद्याच्या सामन्याचं तिकीट काढलेल्या माणसाला, आणि त्या पिचरला, हे कधीच कळणार नाही. रोजनं असं केलंच, असं मी म्हणत नाही. पण त्यानं तसं केलं नाही हेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नुकसान आहे ते हेच.

दुसरी गोष्ट, ज्या दिवशी तो पैसे लावत नाही त्या दिवसाची. दररोज आपल्या संघावर लावणारा मॅनेजर आज गप्प बसला, तर बुकीला आपोआप खबर मिळते की आज आतल्या माणसालाच भरवसा नाही. तोंडातून शब्दही न काढता बातमी फुटते.

तिसरी गोष्ट उधारीची. बेकायदा बुकीचं देणं अंगावर असलेला माणूस त्याच्या मुठीत असतो. आज जिंकण्यावर लावणाऱ्याला उद्या वेगळी मागणी आली, तर नाही म्हणायची ताकद त्याच्यात उरते का?

म्हणूनच बेसबॉलच्या नियम २१ मध्ये बाजूने आणि विरुद्ध असा भेद नाही. ज्या सामन्याशी तुमचा संबंध नाही त्यावर पैसे लावलेत तर एक वर्ष, ज्यात तुमची काही जबाबदारी आहे त्यावर लावलेत तर कायमची अपात्रता. हा नियम प्रत्येक क्लबहाउसमध्ये लावलेला असतो. रोज २४ हंगाम खेळला. कपडे बदलताना समोर हाच कागद असायचा. शिवाय आधीचं उदाहरणही होतं: फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक विल्यम कॉक्स यांनी स्वतःच्याच संघावर पैसे लावले, म्हणून १९४३ मध्ये त्यांना कायमचं बाहेर काढलं होतं. मालकाची ही गत, तर मॅनेजरनं कशाच्या जोरावर सूट मागावी?

पण हिट त्यानं खेळाडू म्हणून मारले. सट्टा नंतरचा. दोन्ही वेगळे का धरू नयेत?

बरीच वर्षं हा युक्तिवाद मलाही वजनदार वाटायचा. पण १९८४ ते १९८६ रोज एकाच वेळी खेळाडूही होता आणि मॅनेजरही. २०१५ मध्ये त्याच्या एका जुन्या साथीदाराची वही ईएसपीएनच्या हाती लागली. १९८६ मध्ये, म्हणजे स्वतः खेळत असतानाच, तो रेड्सवर पैसे लावत होता हे त्या वहीतल्या नोंदींवरून पुढे आलं. त्याच वर्षी कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांच्यासमोर त्याच्या अर्जाची सुनावणी झाली. आपण अजूनही बेसबॉलवर, कायदेशीर मार्गानं का होईना, पैसे लावतो, हे रोजनं तिथे सांगितलं. अर्ज फेटाळला गेला.

४,२५६ पैकी बहुतेक हिट त्याआधीचे आहेत, हे खरंच. ते कोणी काढूनही घेतलेले नाहीत.

म्हणजे बंदीमुळे विक्रम पुसले जात नाहीत?

नाही. आकडे अधिकृत नोंदीत जसेच्या तसे आहेत. रोजच्या वस्तू कूपर्सटाउनच्या संग्रहालयात मांडलेल्याही आहेत. इतिहासातून कोणाला हाकललेलं नाही. वाद आहे तो फक्त दालनातल्या कांस्य पाटीचा.

शूलेस जो तर निर्दोष होता ना? न्यायालयानं सोडलं होतं त्याला.

न्यायालयानं सोडलं हे खरं. निर्दोष होता, हे म्हणणं कठीण.

१९१९ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाचा विजेता ठरवणारी अंतिम मालिका, शिकागो व्हाइट सॉक्स विरुद्ध सिनसिनाटी रेड्स अशी झाली. व्हाइट सॉक्सचं पारडं जड समजलं जात होतं, पण रेड्सनं ५-३ अशी जिंकली. शिकागोच्या आठ खेळाडूंनी जुगाऱ्यांशी संगनमत केल्याचं पुढे उघड झालं. सप्टेंबर १९२० मध्ये ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर) जॅक्सननं सांगितलं की त्याला २०,००० डॉलर कबूल केले होते आणि ५,००० मिळाले. ते त्याला सहकारी लेफ्टी विल्यम्सनं आणून दिले. त्याच साक्षीत, आपण प्रत्येक सामना जिंकायलाच खेळलो, असंही तो म्हणाला. आकडे त्याच्या बाजूनं बोलतात: त्या सिरीजमध्ये त्याची सरासरी .३७५, बारा हिट, क्षेत्ररक्षणात एकही चूक नाही, आणि अख्ख्या सिरीजमधली एकमेव होमरनही (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) त्याचीच.

२ ऑगस्ट १९२१ ला ज्युरीनं आरोपींना सोडलं. दुसऱ्याच दिवशी कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस यांनी, ज्युरीचा निकाल काहीही असो, आठही जण पुन्हा व्यावसायिक बेसबॉल खेळणार नाहीत, असं जाहीर केलं.

जॅक्सनला लिहिता-वाचता येत नव्हतं. मालक खेळाडूंना कवडीमोल पगारावर बांधून ठेवत, आणि करार मोडून दुसरीकडे जायची सोय नव्हती. त्याला कायदेशीर सल्ला देणारा वकील प्रत्यक्षात मालकाच्या बाजूचा होता. हे सगळं वाचलं की पोटात तुटतं. कोणा लबाड माणसापेक्षा कोंडीत सापडलेल्या माणसाचंच चित्र उभं राहतं. पण पैसे घेतले आणि ठेवून घेतले, हे शिल्लक राहतंच. .३७५ ची सरासरी मोठी खरी, पण ठरवून सोडलेला एक चेंडू किंवा पाऊलभर उशिरा घेतलेली धाव सरासरीत दिसत नाही.

मग बक वीव्हरचं काय?

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो याच नावानं. वीव्हर व्हाइट सॉक्सचा थर्ड बेसमन, म्हणजे तिसऱ्या तळावरचा क्षेत्ररक्षक. कटाच्या बैठकांना हजर होता, पण त्यानं पैसे घेतल्याचा पुरावा कधीच पुढे आला नाही, आणि सिरीजमध्ये तो .३२४ च्या सरासरीनं खेळला. गुन्हा एवढाच, की माहीत असून कोणाला सांगितलं नाही. त्यालाही तीच शिक्षा, तेवढीच. बंदी उठवा म्हणून तो वर्षानुवर्षं अर्ज करत राहिला आणि १९५६ मध्ये वारला. हॉल ऑफ फेमला पुरेल एवढी त्याची कारकीर्द झालीच नाही, त्यामुळे पाटीच्या वादात त्याचं नाव फारसं येत नाही. पण ज्याची बंदी खरोखर वेळेवर उठायला हवी होती, असा या आठांतला एक माणूस दाखवा म्हटलं तर मी वीव्हरकडे बोट दाखवीन.

हॉलमध्ये बसलेले सगळे कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत?

नाहीतच. १९२६ मध्ये टाय कॉब आणि ट्रिस स्पीकर या नामवंत खेळाडूंवर १९१९ मधला एक सामना ठरवून खेळल्याचा आणि त्यावर पैसे लावल्याचा आरोप झाला. आरोप करणारा माजी सहकारी समोरासमोर यायला तयार झाला नाही, लँडिसनी दोघांना मोकळं केलं, आणि दोघेही आज कूपर्सटाउनमध्ये आहेत. मॅनेजर लिओ ड्युरोशर जुगाऱ्यांच्या संगतीमुळे १९४७ चा पूर्ण हंगाम निलंबित होता. तो १९९४ मध्ये, मृत्यूनंतर, हॉलमध्ये गेला.

उत्तेजकांचं उदाहरण तर हमखास पुढे येतं. बॅरी बाँड्स, ७६२ होमरन, शेवटच्या प्रयत्नात २०२२ मध्ये ६६ टक्के मतं, निवड नाही. पण बारकावा असा की बाँड्सचं नाव दहा वर्षं मतपत्रिकेवर होतं. लोकांनी वाद घातला, मतं दिली, नाकारलं. रोजच्या वाट्याला हे कधी आलं नाही. उत्तेजकं सट्ट्याइतकी वाईट की जास्त, यावर माझं मत ठाम आहे: उत्तेजक घेणारा निदान जिंकायचा प्रयत्न करत असतो आणि प्रेक्षकाला ते माहीत असतं. सट्ट्यात पैसे अडकलेला माणूस कोणासाठी खेळतोय, हेच प्रेक्षकाला माहीत नसतं. तरी दोघांना दोन वेगळ्या दारांतून नेणं मला पटत नाही.

रोजच्या चारित्र्याबद्दल आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. २०१७ मध्ये एका महिलेनं प्रतिज्ञापत्रात सांगितलं की १९७० च्या दशकात, ती सोळा वर्षांचीही नसताना, रोजनं तिच्याशी शरीरसंबंध ठेवले. ती तेव्हा सोळाची होती असं आपल्याला वाटत होतं, असं रोजचं म्हणणं. फिलाडेल्फिया फिलीजनं त्याचा ठरलेला सन्मान रद्द केला. चारित्र्याचा निकष जर खरा असेल, तर फक्त सट्ट्यावर बोलून थांबता येणार नाही.

आता लीग स्वतःच सट्टा कंपन्यांशी करार करते. मग जुन्या खेळाडूंना शिक्षा कशाच्या तोंडानं?

मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं क्रीडा सट्ट्यावरचा केंद्रीय कायदा रद्द केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेजर लीगनं एमजीएम या कॅसिनो कंपनीशी भागीदारी केली. आज सामन्याच्या प्रक्षेपणातच भाव झळकतात. हे बघून राग येणं स्वाभाविक आहे, मलाही येतो.

पण यातून उलटा निष्कर्ष काढू नये. प्रेक्षकानं पैसे लावणं कायदेशीर झालं, खेळाडूनं नाही. जिथे लाखो लोक पैसे लावतात तिथे आतल्या माणसावर बंधनं अधिक घट्ट हवीत. जून २०२४ मध्ये तुकुपिता मार्कानो या खेळाडूवर आजीवन बंदी आली. तो दुखापतीमुळे बाहेर असताना आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावत होता. लीगनं भाव दाखवायचे आणि खेळाडूंना मोहापासून दूर राहा म्हणायचं, ही लीगची जबाबदारी झटकणंच आहे. तो दोष लीगच्या पदरात घालावा. मार्कानोची चूक त्यानं लहान होत नाही.

दुसऱ्या खेळांत काय होतं?

प्रत्येकाची रीत निराळी. अमेरिकी फुटबॉलमध्ये पॉल हॉर्नंग आणि अ‍ॅलेक्स कारास १९६३ चा पूर्ण हंगाम सट्ट्यामुळे निलंबित होते. हॉर्नंगनं चूक लगेच कबूल केली, परत आला, खेळला, आणि १९८६ मध्ये त्या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. कारासला २०२० पर्यंत थांबावं लागलं आणि तोवर तो हयात नव्हता.

बास्केटबॉलमधली कॉनी हॉकिन्सची कथा तर प्रत्येक कमिशनरनं वाचावी अशी. १९६१ च्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या सट्टा प्रकरणात त्याचं नाव नुसतं गोवलं गेलं. कधी आरोपपत्र नाही, कधी दोष सिद्ध नाही. तरी एनबीएनं, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलच्या लीगनं, त्याला वर्षानुवर्षं दारात उभं केलं नाही. त्यानं खटला भरला, १९६९ मध्ये लीगनं तडजोड करून त्याला घेतलं, तोवर उमेदीची वर्षं गेली होती. १९९२ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये आला. बंदी घालणाऱ्यांकडूनही अन्याय होतो, हे त्याच्या नावावरून लक्षात राहावं.

क्रिकेटमध्ये १९८१ च्या हेडिंग्ली कसोटीत डेनिस लिली आणि रॉड मार्श यांनी ५०० ला १ च्या भावानं इंग्लंडच्या विजयावर, म्हणजे स्वतःच्या संघाच्या पराभवावर, पैसे लावले होते. लिलीनं १० पौंड, मार्शनं ५. इंग्लंड जिंकलं, दोघांना मिळून ७,५०० पौंड मिळाले. त्या काळी त्याविरुद्ध नियम नव्हता आणि त्यांनी मुद्दाम वाईट खेळ केला असं कोणी म्हटलं नाही. दोघेही आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. हॅन्सी क्रोनिएवर मात्र २००० मध्ये आजीवन बंदी आली आणि ती २००२ मध्ये विमान अपघातात तो जाईपर्यंत कायम होती. मोहम्मद अझरुद्दीनवरची २००० मधली बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बेकायदा ठरवली. एकच मोजपट्टी कुठेच नाही.

२०२५ मध्ये नेमकं काय बदललं?

रोज ३० सप्टेंबर २०२४ ला, ८३ व्या वर्षी वारला. त्यानंतर कुटुंबाच्या वतीनं अर्ज आला. १३ मे २०२५ ला मॅनफ्रेड यांनी निर्णय दिला की कायमची अपात्रता माणसाच्या मृत्यूबरोबर संपते. रोज, जॅक्सन, वीव्हर, कॉक्स धरून १७ मृत व्यक्ती यादीतून बाहेर आल्या. हयात नसलेला माणूस खेळाच्या सचोटीला धोका ठरू शकत नाही, आणि आयुष्यभर चालणाऱ्या शिक्षेपेक्षा मोठा धाक कोणता, असं त्यांचं म्हणणं.

कामावर घेण्यापुरता हा विचार बरोबर आहे. मेलेल्या माणसाला कोणी मॅनेजर नेमत नाही. पण सन्मानासाठी हा क्रम उफराटा आहे. जिवंत असताना रोजला प्रश्न विचारता आले असते: पैसे किती लावले, कोणाचं देणं होतं, कोणत्या रात्री हात आखडला? उत्तरं देऊन, माफी मागून, मतदारांसमोर उभं राहायची संधी त्याला मिळाली असती. हॉर्नंगला मिळाली तशी. आता पाटी लागली तरी त्याला कळणार नाही, आणि नाही लागली तरी त्याला उत्तर द्यायचं नाही.

मग तुमचं स्वतःचं मत काय?

खेळात परत घेण्याचा आणि सन्मानाचा प्रश्न वेगळा ठेवावा. सामन्यावर हात असलेल्यानं त्याच सामन्यावर पैसे लावले, तर त्याला मैदानात, ड्रेसिंग रूममध्ये, पगारपत्रकावर पुन्हा जागा नको, आणि यात तडजोड नको. सन्मानाचा निर्णय मात्र मतदारांकडे, माणूस हयात असताना, पुराव्यांसह द्यावा.

आणि माझ्या हातात मतपत्रिका असती, तर मी रोजला मत दिलं नसतं. हिट कमी पडले म्हणून नव्हे. पंधरा वर्षं खोटं बोलून त्यानं आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या चाहत्यांना खऱ्या माणसांशी भांडायला लावलं, म्हणून. जॅक्सनलाही नाही, जड अंतःकरणानं. पण दोघांची नावं मतपत्रिकेवर असावीत यासाठी मी तितक्याच जोरानं भांडेन.

आता पुढे काय होणार?

लेखकांच्या मतदानाची मुदत दोघांसाठीही कधीच संपली. जुन्या काळातल्या खेळाडूंचा विचार करणारी वेगळी समिती डिसेंबर २०२७ मध्ये बसेल. आधी एक गट आठ नावांची यादी करेल, त्यात यांची नावं असतीलच असं नाही. मग १६ सदस्य मत देतील आणि १२ मतं लागतील. निवड झालीच, तर समारंभ २०२८ च्या उन्हाळ्यात. समितीची चर्चा बंद दाराआड होते. माझी मागणी एवढीच आहे, की आत जाण्याआधी डाउड यांचा अहवाल आणि जॅक्सनची १९२० ची साक्ष या सोळाही जणांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेली असावी.